थ्रॉटल बॉडीचं ‘पोर्टिंग-पॉलिशिंग किट’: हत्यारं कामाची, दावा फुसका

निळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात एक छोटा डाय ग्राइंडर (हातात धरून धातू घासायचं यंत्र), त्याला जोडायची लवचिक शाफ्ट, कार्बाइडचे दहा बर (धातू कापणारी दातेरी टोकं), फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चाकं), सँडिंग बँड, गुलाबी दगड, नमद्याचे गोळे आणि हिरव्या पॉलिशची एक वडी. ऑनलाइन हा संच ‘थ्रॉटल बॉडी पोर्टिंग किट’ म्हणून विकला जातो. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा एक्सलेटरप्रमाणे कमी-जास्त करणारा अल्युमिनियमचा भाग; त्याच्या भोकात शाफ्टवर फिरणारी चकती म्हणजे बटरफ्लाय. पोर्टिंग म्हणजे हे भोक आतून घासून हवेची वाट मोकळी करणं. इंदुरात सियागंजातल्या हत्यारांच्या दुकानांत थोड्याफार फरकानं हाच माल दुसऱ्या डब्यात भरून मिळतो. किंमत दोन-अडीच हजारांच्या आत-बाहेर. डब्यातल्या कागदावर तीन आश्वासनं आहेत: ताकद वाढेल, पिकअप वाढेल, मायलेज वाढेल. हत्यारांबद्दल पुढे सविस्तर बोलू, पण आधी आश्वासनांचा हिशेब, कारण अडीच हजार खर्चायचे की नाही हे त्यावरच ठरतं.

समजा १.३ लिटरचं, केबलनं चालणाऱ्या थ्रॉटलचं जुनं पेट्रोल इंजिन आहे. थ्रॉटलचं भोक ४६ मिमी, मधला शाफ्ट ८ मिमी जाड. भोकाचं क्षेत्रफळ १६६२ चौरस मिमी, त्यातले ३६८ शाफ्टच अडवतो. उरले १२९४. इंजिन ६००० आरपीएमवर हवेनं साधारण ८५ टक्के भरतं असं धरलं तर मिनिटाला ३३०० लिटर हवा या फटीतून जाते, म्हणजे वेग सेकंदाला ४३ मीटर. इंदूरच्या हवेच्या घनतेला या वेगाचा दाब होतो जेमतेम १ किलोपास्कल. हा सगळाच्या सगळा थ्रॉटलमध्ये वाया गेला असं मानलं, तरी बाहेरच्या ९५ किलोपास्कलपुढे तो एक टक्का. उद्या थ्रॉटल बॉडी काढून फेकून दिली तरी ८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एकापेक्षा जास्त मिळणार नाही. आणि शाफ्ट घासून ८ चा ५ मिमी केला तर? फट १४३२ चौरस मिमी होते, वाचतात ०.२ किलोपास्कल. हे कुठल्याही ड्रायव्हरच्या पायाला कळत नाही.

तुलनेसाठी एक गोष्ट. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. मुंबईत जी गाडी १०१ किलोपास्कलची हवा ओढते तिला इथे ९५ मिळते. सहा टक्के इथेच गेले, गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच. खलघाटाकडून मानपूरला वर चढताना पाच जण बसलेली गाडी दमते त्याचं खापर थ्रॉटलच्या खरखरीत भिंतीवर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

तेव्हा किट घेण्याआधी एक चाचणी करा, तिला चार-पाचशे रुपयांचा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा) पुरतो. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचं, म्हणजे थ्रॉटलपलीकडच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघा. इंदुरात ते ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास येतं. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून वरपर्यंत पूर्ण एक्सलेटर द्या आणि शेजारी बसलेल्यानं मॅपचा आकडा टिपावा. ॲपमध्ये मॅप आणि आरपीएम एवढेच दोन आकडे चालू ठेवा. सहा-सात लावले तर स्वस्त डोंगल इतका संथ होतो की हवा तो क्षण निसटतो. पूर्ण एक्सलेटरवर आकडा ९३ च्या वर राहिला, तर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल मिळून फक्त एक-दोन किलोपास्कल खातात. घासण्यासारखं काही नाही. ८९-९० पर्यंत उतरला तर काहीतरी तुंबलंय, आणि तिथेही पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यायचा, दुसरा बसकण मारलेल्या रबरी नळीवर. जुन्या गाड्या डोंगलशी बोलत नाहीत, कारण ओबीडी आपल्याकडे २०१० ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. त्यांना मॅप सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असतानाचे व्होल्ट आणि पूर्ण एक्सलेटरचे व्होल्ट जवळपास सारखे असतील तर अर्थ तोच.

आणखी एक तपासणी फुकटची आहे. इंजिन बंद ठेवून एकानं पेडल तळाला दाबावं, दुसऱ्यानं नळी काढून थ्रॉटलच्या तोंडात बघावं. बटरफ्लाय हवेच्या दिशेला पूर्ण समांतर झालेला दिसला पाहिजे. जुन्या केबलवाल्या गाड्यांत केबल ताणली जाते किंवा पेडलखाली जाड मॅट येते, आणि बटरफ्लाय थोडा तिरकाच अडकतो. केबलचं लॉकनट दहा नंबरच्या पान्यानं दोन आटे फिरवून जे परत मिळतं ते या डब्यातली एकही वस्तू देत नाही.

मग हे काम करायचंच कशाला? दोन कारणं पटण्याजोगी आहेत. पहिलं, बटरफ्लायच्या मागे तेलाच्या वाफेचा काळा थर जमतो, त्यानं आयडल (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) डगमगतं, आणि तो काढायला बॉडी उतरवावीच लागते. उतरवलीच आहे तर ओतकामाची धार आणि पायऱ्या काढून टाकायला हरकत नाही. दुसरं, बटरफ्लायच्या आसपासचं भोक किंचित निमुळतं केलं की थोड्या पेडलला जास्त हवा जाते आणि गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. ‘वाटते’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. तेवढीच हवा पेडल दोन मिलिमीटर जास्त दाबूनही मिळाली असती. शिवाय पलासियाच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये सरकताना हीच चपळाई हिसके देते.

आता डबा. यातला ग्राइंडर बरा निघाला. १८० वॉट, वेग कमी-जास्त करायला चाक, ३.२ मिमीचं कॉलेट (बरचा दांडा पकडणारी चिमटी). अल्युमिनियमला एवढी ताकद पुरते. बुशिंग लवकर गरम होतं, म्हणून दहा मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. लवचिक शाफ्ट भोकात हात वळवायला सोयीची आहे, पण ती तीव्र वळवली की आतली तार आवरणावर घासते आणि मूठ हातात धरवत नाही इतकी तापते. वळण थाळीएवढं मोठं ठेवा, आणि आतली तार पहिल्याच दिवशी बाहेर काढून ग्रीसचा हलका हात द्या. कारखान्यातून ती कोरडीच येते.

बर मात्र निराशा करतात. दहाच्या दहा डबल-कट आहेत, म्हणजे दातांवर आडवे-उभे दोन्ही काप. लोखंडाला हे उत्तम. अल्युमिनियमचा कीस मऊ आणि चिकट असतो. तो या बारीक दातांत जाऊन बसतो, तापतो, वितळल्यासारखा चिकटतो आणि मिनिटभरात बर गुळगुळीत लाटणं होतो. मग माणूस जोर देतो, बर उड्या मारतो, आणि भोकाच्या भिंतीवर नाचरा ओरखडा उठतो. अल्युमिनियमला हवा तो सिंगल-कट, रुंद आणि खोल दातांचा ‘अल्युमिनियम-कट’ बर. सियागंजात नुसता ‘कार्बाइड बर’ मागितला तर डबल-कटच हातात येतो, वर “भिया, ये सब पे चलता है” हे प्रमाणपत्र. दात डोळ्यांनी बघून घ्या: दोन दातांमधली दरी नखाला स्पष्ट लागली पाहिजे. बोटासारखा, गोल टोकाचा, ६ ते ८ मिमी व्यासाचा एकच नग पुरतो, पण दांडा ३ मिमीचा मागा. ६ मिमीचा दांडा या ग्राइंडरच्या कॉलेटमध्ये जात नाही. चालवताना दर पंधरा-वीस सेकंदांनी बर घासलेटात बुडवा किंवा त्याला मेणबत्ती लावा, कीस चिकटत नाही. वेग १५ ते २० हजार आरपीएम. त्याहून जास्त वेगात ३ मिमीचा दांडा थरथरतो.

गुलाबी दगड सरळ बाजूला काढा. अल्युमिनियमवर दगड चालवला की त्याची छिद्रं धातूनं भरतात, तो कापायचा थांबून नुसता तापतो, आणि भरलेला दगड वेगात फुटू शकतो. थ्रॉटलच्या किटमध्ये तो असावाच का, हे बनवणाऱ्याला ठाऊक. सँडिंग बँडचंही कौतुक नाही: रबरी ड्रमवरून २० हजारांच्या पुढे निसटतात आणि त्यांची सरळ कड गोल भिंतीत पायऱ्या पाडते. फ्लॅप व्हील मात्र चांगली आहेत. ८०, १२० आणि २४० अशा तीन ग्रेड, कागद मऊ, भिंतीच्या गोलाईबरोबर वळतो. पूर्ण डब्यातून एकच वस्तू उचलायची असेल तर १२० चं फ्लॅप व्हील. हिरवी वडी स्टेनलेससाठी असते. अल्युमिनियमवर तिनं चमक येते ती पुसट, राखाडी झाक असलेली; त्याला आधी तपकिरी आणि मग पांढरी वडी लागते. पण चमक इथे कोणाला हवीये, त्याकडे येऊच.

डब्यात नसलेल्या आणि लागणाऱ्या वस्तू: पॉलिश पेपर २२०, ३२० आणि ४००, प्रत्येकी दोन, मरून रंगाचं स्कॉचब्राइट, कार्ब क्लीनरचा एक ५०० मिलीचा डबा, एक लिटर घासलेट, बटरफ्लायचे नवे स्क्रू (बहुतेक ठिकाणी एम४, म्हणजे ४ मिमीचे, पण जुना बरोबर नेऊन आटे जुळवा), निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद (लॉकटाइट २४३ किंवा त्या जातीचं), थ्रॉटलचं नवं गॅस्केट आणि आयडल मोटरची (थ्रॉटल बंद असताना लागणारी हवा सोडणाऱ्या मोटरची) ओ-रिंग, व्हर्नियर. चष्मा आणि मास्क सांगायला नकोच. अल्युमिनियमची भुकटी फुफ्फुसाला वाईट आणि पेटणारीही असते, म्हणून त्याच टेबलावर लोखंड घासून ठिणग्या उडवू नका.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीवर हे किट वापरू नका. त्यात बटरफ्लाय मोटर आणि प्लॅस्टिकच्या गिअरवर चालतो, बंद अवस्थेतली फट संगणकानं मोजून लक्षात ठेवलेली असते, आणि बऱ्याच बॉडीच्या आत एक करडा-काळा लेप असतो जो ती बारीक फट बुजवतो. फ्लॅप व्हीलनं लेप गेला की आयडल चढतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि नवी बॉडी या किटच्या कितीतरी पट महाग पडते. वॉरंटीतल्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको.

केबलवाली बॉडी उतरवताना गरम पाण्याच्या दोन बारीक नळ्या बघा. बऱ्याच गाड्यांत कूलंट थ्रॉटलमधून फिरतं. इंजिन थंड असतानाच नळ्या चिमट्यानं दाबून काढा आणि नंतर कूलंट भरून हवा काढा, नाहीतर हीटर गार आणि तापमानाचा काटा वर. थ्रॉटल पोझिशन सेन्सर काढण्याआधी सेन्सर आणि बॉडी या दोन्हींवरून जाणारी एक रेघ टोकदार सुईनं ओढा. मार्करची नको, घासलेटात ती पहिल्या धुण्यात जाते. बटरफ्लायवरही तशीच खूण: वरची बाजू कुठली, इंजिनाकडची कुठली. ती चकती दिसते गोल पण असते किंचित लंबगोल, आणि तिची कड दोन बाजूंना उलट्या तिरपेपणानं कापलेली असते. उलटी बसवली तर भोकात अडकते.

पूर्ण कामातली अवघड जागा म्हणजे ते दोन स्क्रू. शाफ्ट फिरवून त्यांची शेपटाची बाजू वर आणा आणि टॉर्च मारून बघा: टोक पंचनं ठोकून फुलासारखं पसरवलेलं दिसेल. स्क्रू कधीही सुटून इंजिनात पडू नये म्हणून कारखान्यात ते तसं करतात. हे फूल तसंच ठेवून स्क्रू ओढून काढला तर जाताना ते शाफ्टमधले आटे खरवडून नेतं, किंवा स्क्रूचं डोकं झिजतं. आधी बारीक बरनं किंवा सुईकानशीनं फूल शाफ्टच्या पातळीला आणा. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, म्हणजे जुनं थ्रेडलॉक मऊ पडतं. शाफ्टखाली लाकडाचा ठोकळा द्या, खाचेत घट्ट बसणारा पेचकस घ्या, आणि नव्वद टक्के जोर खाली, दहा टक्के फिरवण्यात. हातातल्या हातात बॉडी धरून हे करायला गेलात तर शाफ्ट वाकतो. वाकलेल्या शाफ्टची बॉडी ही पेपरवेट.

शाफ्ट काढायचा तर रिटर्न स्प्रिंगला आधीच किती पीळ दिलाय ते मोजून फोटो घ्या. एक पीळ कमी बसला तर एक्सलेटर सोडल्यावर थ्रॉटल आळसावत बंद होतं, आणि ते धोक्याचं आहे. काही बॉडीत शाफ्ट निघतच नाही. तिथे मशीन लावू नका. ग्राइंडरची भुकटी बुशमध्ये गेली की शाफ्ट महिन्याभरात डुगडुगायला लागतो आणि तिथून हवा चोरते. अशा बॉडीचं फक्त तोंड हातानं, पेपरनं गोल करा.

घासायचं कुठे? बटरफ्लाय काढण्याआधीच तो पूर्ण बंद करून दोन्ही बाजूंनी सुईनं त्याची कड भिंतीवर उमटवून घ्या. या रेघेच्या वर-खाली ३ मिमी ही लक्ष्मणरेषा. इथे ग्राइंडरचा ओरखडा पडला की बंद थ्रॉटलमधून हवा गळते, आयडल १२००-१५०० वर जाऊन बसतं, आणि दुरुस्ती एकच: सांवेर रोडच्या एखाद्या लेथवाल्याकडे भोक मोठं करून घेणं आणि पितळी पत्र्याची नवी चकती तिरकी धरून कातून घेणं. चकतीचा कोन चुकला तर ती बंद होताना रुतते. हे काम होतं, पण आता ते घरगुती राहिलं नाही.

फायद्याच्या जागा दोनच. एक तोंड: जिथे रबरी नळी चढते तिथे कड काटकोनात असते किंवा मिलिमीटरभर पायरी असते. तिला ३ ते ५ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. हवा धारदार कडेवरून आत वळताना भिंतीपासून सुटते आणि भोक आहे त्याहून लहान असल्यासारखं वागतं. दुसरी जागा इंजिनाकडची, जिथे बॉडी मॅनिफोल्डला (हवा सिलिंडरांकडे वाटणाऱ्या पाइपांना) भिडते. गॅस्केट दोन्हीकडे ठेवून कड उमटवून बघा. बॉडीचं भोक लहान आणि मॅनिफोल्डचं मोठं असेल तर सोडून द्या, त्या पायरीनं फार बिघडत नाही. उलट असेल, म्हणजे हवेच्या वाटेत मॅनिफोल्डची कड पुढे आलेली असेल, तर ती काढण्यात अर्थ आहे. पण मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवूनच. तो इंजिनावर तसाच ठेवून, आत कापड कोंबून घासणारे लोक आहेत. कापडाच्या बाजूनं गेलेला अल्युमिनियमचा एक तुकडा व्हॉल्व्हच्या सीटवर बसला की पुढचं बिल हेड उघडायचं असतं.

भिंतीची जाडी व्हर्नियरनं चार ठिकाणी मोजा आणि कुठूनही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका. व्हॅक्यूमच्या छिद्रांजवळ आणि आयडलच्या वाटेपाशी धातू दिसतो त्याहून पातळ असतो. शाफ्ट बारीक करणं, बटरफ्लायची कड सुरीसारखी करणं वगैरे कागदावर लिहिलंय. वर दाखवलेल्या ०.२ किलोपास्कलसाठी शाफ्ट कमजोर करणं शहाणपणाचं नाही.

पॉलिशबद्दल किटचा कागद आरशाचा फोटो दाखवतो. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलमधून फक्त हवा जाते. पेट्रोल पुढे, व्हॉल्व्हच्या तोंडाशी शिंपडलं जातं. त्यामुळे आरशानं तोटा नाही, फायदाही नाही. १२० चं फ्लॅप, मग २४० चं, मग लाकडी दांडीला चीर पाडून त्यात ४०० चा पेपर अडकवून हातानं गोल फिरवणं, इथे काम संपतं. लक्ष्मणरेषेच्या पट्ट्यात फक्त कार्ब क्लीनर आणि मऊ कापड. नमदा आणि वडी घेऊन दोन तास घालवलेत तर वडीचं मेण मॅप सेन्सरच्या बारीक छिद्रात शिरतं. मग सेन्सरला दाब नीट कळत नाही, गाडी पेट्रोल जास्त ओतते, सायलेन्सरमधून काळा धूर, आणि माणूस म्हणतो पॉलिश करूनही मायलेज कसं पडलं.

धुणं हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच लोक इंजिन मारतात. पेपरचे कण पिस्टनच्या रिंगांवर कानसासारखे चालतात. आधी घासलेट आणि दात घासायचा ब्रश, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग प्रत्येक छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा, शेवटी कार्ब क्लीनर. टायरवाल्याकडे पाच मिनिटं हवा मारून मिळते. त्यानंतर पांढरं सुती कापड आतून फिरवा. करडं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीत ते पांढरं राहतं. ओ-रिंगा आणि सेन्सर या सगळ्यातून बाहेरच ठेवायचे; क्लीनरनं रबर फुगतं.

जोडताना बटरफ्लाय खुणेप्रमाणे घाला, नवे स्क्रू थ्रेडलॉकचा एक थेंब लावून सैलसर बसवा, थ्रॉटल तीन-चार वेळा आपोआप फटकन बंद होऊ द्या म्हणजे चकती आपली जागा शोधते, मग बंद ठेवूनच घट्ट करा. अंधाऱ्या खोलीत खालून मोबाइलचा टॉर्च लावा. सगळीकडून केसाएवढी एकसारखी रेघ दिसली तर उत्तम. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर सैल करून पुन्हा. जमलं की शाफ्टला खालून आधार देऊन स्क्रूची टोकं पंचनं पुन्हा फुलवा. थ्रेडलॉकवर भरवसा ठेवून ही पायरी गाळू नका. एम४ चा सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्येच जातो.

बॉडीवरचा रंगानं सील केलेला स्टॉप स्क्रू आयडल कमी-जास्त करायचा नाही, चकती भोकात रुतू नये म्हणून तो आहे. त्याला हात लावू नका. सेन्सर रेघेला रेघ जुळवून बसवा. थ्रॉटल बंद असताना बहुतेक गाड्यांत सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडं असताना ४ ते ४.५. मधे कुठे आकडा उडी मारत असेल तर सेन्सर गेलाय, घासण्याशी संबंध नाही. गॅस्केटऐवजी सिलिकॉन फासू नका, आत दाबलेला थर सुटून ओढला जातो. एम६ बोल्ट ८-१० न्यूटन मीटर, एम८ असेल तर २० च्या आत. अल्युमिनियमचे आटे एकदाच माफ करतात. बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवा, नंतर एसी-लाइट बंद ठेवून इंजिन रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत आयडलवर चालू द्या. एक्सलेटरला पाय लावायचा नाही.

एवढं करूनही आयडल चढं राहिलं तर नळी काढून, चालत्या इंजिनावर थ्रॉटलचं तोंड जाड रबरी तुकड्यानं झाका. इंजिन बंद पडलं तर हवा तोंडातूनच जातेय: चकती मध्यावर नाही, भिंत ओरखडलीये किंवा आयडल मोटर उघडी अडकलीये. बंद न पडता चालत राहिलं तर हवा थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठूनतरी शिरतेय, म्हणजे गॅस्केट, चिरडलेली ओ-रिंग किंवा टोपी न घातलेली एखादी व्हॅक्यूम नळी. या एका चाचणीनं गॅरेजच्या दोन फेऱ्या वाचतात.

गुण द्यायचे तर ग्राइंडरला पाचपैकी तीन, फ्लॅप व्हीलला चार, बरांना एक, दगडांना शून्य, आणि छापील कागदाला गुण नाहीत. घरात डाय ग्राइंडर असेल तर हा डबा घेऊ नका. सियागंजातून एक अल्युमिनियम-कट बर, १२० आणि २४० ची दोन-दोन फ्लॅप व्हील आणि पेपर सुटे घ्या, काम तेच होतं. ग्राइंडर नसेल आणि पुढे इतरही बारीकसारीक कामांना लागणार असेल तर किंमत वसूल होते. फक्त गाडी जोरात पळावी म्हणून घेत असाल तर आधी ओबीडीचा आकडा बघा. आणि पहिला प्रयोग आपल्या चालत्या गाडीच्या बॉडीवर करू नका: भंगारातून त्याच नंबरची एक जुनी बॉडी आणा, शाफ्ट हलवून बघा, डुगडुगत नसेल तरच घ्या. मूळची बॉडी सेन्सरसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली असली, म्हणजे रविवारी संध्याकाळी काही फसलं तरी सोमवारी सकाळी गाडी ऑफिसला जाते.